मंडपातला व्हॉल्व्ह आणि बेंजोवाल्याचा प्रोसेसर

पनवेल, उरण, पेण या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत हळदीची रात्र रंगात आली की सगळ्या वाद्यांच्या वर एकच आवाज तरंगत असतो, बेंजोचा. अमेरिकी बँजोशी या वाद्याचं नावापुरतंच नातं आहे. याचा जन्म जपानमधल्या नागोया शहरातला. गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये लोखंडी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य तयार केलं. भारतात ते ‘बुलबुल तरंग’ झालं आणि मुंबई-कोकणात आल्यावर त्याला पिकअप लागला. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हातातल्या पट्टीने तार छेडायची, आणि पिकअपमधून निघालेला अगदी क्षीण विद्युतसंकेत अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवायचा. दिवाणखान्यातलं हे नाजूक वाद्य इथे मिरवणुकीपुढे वाजू लागलं.

आज अनेक बेंजोवाल्यांच्या स्टँडवर गिटारचा प्रोसेसर दिसतो. पुस्तकाएवढी ती पेटी उघडली तर आत एक चिप आणि थोडी मेमरी, एवढंच असतं; पण पडद्यावर पर्याय येतात ते अमेरिका-इंग्लंडमधल्या जुन्या ट्यूब अ‍ॅम्पचे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या फेंडर अ‍ॅम्पची गणिती नक्कल पनवेलजवळच्या एखाद्या अंगणात हळदीच्या गाण्याला साथ करते. खरा ट्यूब अ‍ॅम्प घ्यावा की डिजिटल मॉडेलिंग, यावर जगभरचे गिटारवादक तीस वर्षं वाद घालत आले आहेत. पनवेलकडून पाहिलं की त्या वादाचा इतिहास वेगळाच दिसतो.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. ट्यूब म्हणा किंवा जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या तोंडचा शब्द वापरून व्हॉल्व्ह म्हणा, वस्तू एकच. ईसीसी ८३ हा गिटार अ‍ॅम्पमधला सर्वांत ओळखीचा व्हॉल्व्ह. उंची करंगळीएवढी, खाली नऊ पिना, काचेच्या माथ्यावर आतून चंदेरी मुलामा. सुरू केला की आतली तार हळूहळू लालसर तापते, कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि शे-दोनशे व्होल्टवर बसलेल्या अ‍ॅनोडकडे धावतात. मध्ये ग्रिड नावाची जाळी असते. तारेचा क्षीण संकेत या जाळीवर येतो आणि तो मोठा प्रवाह कमी-जास्त करतो. झेपण्यापलीकडचा संकेत आला तरी व्हॉल्व्ह एकदम कोलमडत नाही. लाटेचे माथे तो गोलसर दाबतो, त्यातून नवे स्वरांश उमटतात आणि आवाज भरदार, किंचित खरखरीत होतो.

हा खरं तर दोष. ध्वनिक्षेपक बनवणाऱ्या इंजिनिअरांनी तो टाळण्यासाठी आयुष्य घालवलं, आणि गिटारवाल्यांनी त्याचीच शैली केली. लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांच्याकडे १९६२ मध्ये फेंडरच्या बासमॅन अ‍ॅम्पवरून पहिला मार्शल अ‍ॅम्प बांधला गेला. पुढच्या दहा वर्षांत रॉक संगीताचा आवाज म्हणजे या तापलेल्या काचांचा आवाज, असं समीकरण झालं.

आपल्याकडे व्हॉल्व्ह आला तो भाषणांसाठी.

ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमधल्या सक्करला सुरू केलेली पेढी कराचीमार्गे १९१९ मध्ये मुंबईत आली आणि ‘शिकागो रेडिओ’ या नावाने देशभर ओळखली गेली. १९३१ च्या कराची काँग्रेसपासून त्यांचे लाऊडस्पीकर राष्ट्रीय सभांमध्ये दिसू लागले. नेत्यांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर हे नाव आजही वाचता येतं. १९४२ च्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्या प्रकरणात याच पेढीच्या नानिक मोटवाने यांनाही अटक झाली. ध्वनिक्षेपणाचा धंदा स्वातंत्र्याच्या चळवळीत इतका आतवर गुंतला होता. दिल्लीत १९४० मध्ये अहुजा रेडिओज सुरू झाली, आणि पुढे ‘अहुजा’ हे मंडपातल्या अ‍ॅम्प्लिफायरचं दुसरं नावच झालं. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवायला घेतले. त्यांचे ईसीसी ८३ आजही जुन्या साठ्यातून शोधून आणणारे शौकीन परदेशात आहेत.

म्हणजे इथल्या माणसाने ऐकलेला व्हॉल्व्ह हा गणपतीच्या, सत्यनारायणाच्या, लग्नाच्या मंडपातला होता. बांबूला बांधलेला कर्णा, खाली लोखंडी पेटी, तिच्या जाळीतून दिसणारा नारिंगी उजेड, आणि वीज नसेल तिथे गाडीच्या बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर. कर्ण्यातून खर्ज जवळपास येतच नाही, मधले स्वर मात्र टोचावेत इतके पुढे येतात. गावोगावच्या लोकांच्या कानात ‘मोठ्या आवाजाचं गाणं’ बसलं ते याच रूपात. फेंडर किंवा इंग्लंडच्या व्हॉक्सचा मऊ, गोल आवाज त्या स्मृतीत कुठेच नाही. म्हणून ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे परंपरा, हे वाक्य लंडनमध्ये खरं असेल. पनवेलमध्ये ते जसंच्या तसं लागू पडत नाही.

मुंबईतल्या गिटारवाल्यांचीही स्थिती फार निराळी नव्हती. धोबीतलावचं फुर्टाडोज हे १८६५ पासूनचं दुकान वाद्यांसाठी होतं. पण १९९१ पूर्वीच्या आयात निर्बंधांच्या काळात परदेशी अ‍ॅम्प बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होता. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे भाग आणायचे आणि एखाद्या रेडिओ मेकॅनिककडून अ‍ॅम्प बांधून घ्यायचा, हा रुळलेला मार्ग होता. १९८६ मध्ये रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला तेव्हा कित्येक बँडना खरा मोठा अ‍ॅम्प मंचावर चढल्यावरच मिळे. ज्या वस्तूशी वादकाची रोजची सोबतच नाही, तिच्याबद्दल आदर असतो, सवय नसते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

२९ जून १९९८ ला बेलापूरहून लोकल पनवेलला पोचली. त्याच वर्षी अमेरिकेत लाइन सिक्स कंपनीने ‘पॉड’ नावाचं लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचं यंत्र बाजारात आणलं. त्यात अनेक अ‍ॅम्पची मॉडेलं एकत्र होती. मॉडेल करणं म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पचा प्रत्येक टप्पा संकेताला काय करतो ते मोजायचं आणि तेच गणिताने घडवायचं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण पनवेलहून मुंबईला वाजवायला जाणाऱ्या पोरांसाठी दोन्हींचा अर्थ एकाच ठिकाणी येऊन मिळाला. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बचं वजन साधारण २९ किलो. तो घेऊन संध्याकाळच्या हार्बर लोकलमध्ये चढून दाखवावं! प्रोसेसर मात्र पाठीवरच्या पिशवीत जातो. गंमत म्हणजे फेंडरनेच २०१९ मध्ये त्याच ट्विनची डिजिटल आवृत्ती काढली. दिसायला हुबेहूब, वजन सुमारे १५ किलो.

मॉडेलिंगची पहिली यंत्रं आवाजात कोरडी होती, हे मान्य करायला हवं. जोरात छेडलं काय, हळू छेडलं काय, उत्तर सारखंच. २००६ मध्ये फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स आला. २०११ मध्ये जर्मनीच्या क्रिस्टोफ केम्पर यांचं यंत्र आलं. ते समोर ठेवलेल्या खऱ्या अ‍ॅम्पमध्ये चाचणीचे ध्वनी सोडून त्याचा स्वभाव टिपून घेतं. डिसेंबर २०१३ मध्ये मेटालिका हा हेवी मेटल बँड अंटार्क्टिकात वाजवायला गेला. पर्यावरणाच्या अटींमुळे तिथे मंचावर अ‍ॅम्प नव्हते. गिटार अ‍ॅक्स-एफएक्समधून गेल्या आणि श्रोत्यांनी हेडफोन लावून मैफल ऐकली. मार्शल आणि मेसा बूगी अ‍ॅम्पच्या भिंती उभ्या करणाऱ्या बँडने हे केल्यावर ‘खरे वादक डिजिटल वापरत नाहीत’ या म्हणण्यात दम उरला नाही.

तरी बोटांखाली फरक जाणवतोच. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर तार जोरात ओढली की वीजपुरवठा क्षणभर दबतो, स्वर आत जातो आणि पुन्हा फुलून येतो. शिवाय स्पीकरची हवा अंगावर येते. हेडफोनमध्ये ही दुसरी गोष्ट कुठून येणार? अडचण अशी, की व्हॉल्व्हचं हे वैभव खुलतं मोठ्या आवाजातच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली आहे, आणि १०० वॅटचा मार्शल खारघरच्या किंवा नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये एकचतुर्थांशही उघडता येत नाही. रियाझ रात्री नोकरीवरून परतल्यावरचा, भिंतीपलीकडे शेजारी. इथे मॉडेलिंग घेणं ही तडजोड नाही. रोज दोन तास वाजवता येणं हे महिन्यातून एकदा उत्तम आवाज ऐकण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

दुरुस्तीचाही प्रश्न आहे. आज जगातले बहुतेक गिटार व्हॉल्व्ह रशियातलं सारातोव्ह, स्लोव्हाकियातलं चाद्सा आणि चीन एवढ्याच ठिकाणी बनतात. २०२२ च्या मार्चमध्ये रशियातून निर्यात अडकली तेव्हा जगभर दुकानांतली खोकी रिकामी झाली. पनवेलला व्हॉल्व्ह बदलून बायस (व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह) जुळवणारा माणूस शोधायचा तर पूर्वीच्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिकांच्या पिढीकडेच जावं लागतं, आणि ती पिढी आता म्हातारी झाली आहे. ज्याला व्हॉल्व्हच हवा त्याने पाच वॅटचा छोटा अ‍ॅम्प घ्यावा आणि अशा एखाद्या मेकॅनिकशी आजच ओळख करून ठेवावी.

आणि एक काम याच पट्ट्यातल्या लोकांनी करण्यासारखं आहे. ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून आता कोणीही घरच्या संगणकावर अ‍ॅम्पचं मॉडेल बनवू शकतो. लोकांनी वाटलेल्या मॉडेलांत फेंडर, मार्शल, व्हॉक्स रगडून आहेत. मंडप डेकोरेटरच्या गोदामात धूळ खात पडलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा कर्णा यांचंही मॉडेल व्हायला हवं. ते झालं तर बेंजोवाल्याच्या प्रोसेसरमध्ये परक्या गावच्या आवाजांशेजारी त्याच्या आज्याने ऐकलेला आवाज बसेल. लागतं ते एवढंच: तीनेक मिनिटांचा चाचणी-ध्वनी, कर्ण्यासमोर एक माइक आणि साधा ऑडिओ इंटरफेस. मात्र पेटी थेट प्लगला लावू नये. वर्षानुवर्षं बंद असलेल्या अ‍ॅम्पमधले कपॅसिटर सुकलेले असतात. ते आधी जाणकाराकडून बदलून घ्यावेत, आणि भंगारवाला दारात येण्याच्या आत हे व्हावं.