सात आणि बारा

गेल्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरचे शेजारी एक कागद घेऊन आमच्याकडे आले. मी मराठीतून भाषांतरं करते हे गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीत बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे कधी कुणाचा पुण्यातला भाडेकरार, कधी एखादं नोटरीचं पत्र माझ्या टेबलावर येतं. हा कागद होता रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्याचा सातबारा. इथल्या एका हॉटेलात भरलेल्या प्रदर्शनात त्यांनी समुद्राजवळचा प्लॉट पाहिला होता. "जरा देखिए, सब ठीक है ना?"

माझ्या वडिलांचं गाव त्याच तालुक्यात. आमचा स्वतःचा सातबारा त्या वेळी माझ्याच कपाटात होता आणि त्याचं काय करायचं हे मला ठरवता येत नव्हतं.

सातबारा हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण त्यात दोन नमुने आहेत. गाव नमुना सात सांगतो की जमीन कुणाची, कुळ कोण, बोजा कुणाचा. गाव नमुना बारा सांगतो की तिच्यात पीक कोणतं, किती क्षेत्रावर, पाणी कशाचं. शेजाऱ्यांच्या कागदावर सात होता. बाराच्या जागी एक शेरा होता. क्षेत्र अकृषक झाल्यामुळे नमुना बाराची आवश्यकता नाही, अशा अर्थाचा. शेजाऱ्यांना मी तो हिंदीत समजावून सांगितला. ते गेल्यावर मात्र तोच शेरा डोक्यात राहिला, कारण आमच्या किनाऱ्यावर 2020 नंतर जे घडलं ते सगळं त्या एका ओळीत मावत होतं.

आमच्याकडे जमिनीला कुणी जमीन म्हणत नसे. वाडी म्हणत. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरीची वेल, सावलीत जायफळ, पाटाच्या कडेला केळी. इथली सुपारी नावाजलेली. श्रीवर्धनला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे आणि 'श्रीवर्धनी' हे सुपारीच्या वाणाचंच नाव आहे. दाट वाडीत सुपारी उतरवणारा गडी एका पोफळीवर चढे, ती वाकवून दुसरी पकडे, आणि जमिनीला पाय न लावता अर्धी ओळ संपवे. लहानपणी आम्ही मान वर करून त्याच्याबरोबर खालून चालत असू.

या वाड्यांनी बरेच कायदे पाहिले. 1948 चा कुळकायदा, 1949 चं खोतीनिर्मूलन, 1957 च्या 1 एप्रिलचा कृषक दिन. मालक बदलले, वाटण्या झाल्या, सातवरची नावं वाढत गेली. कुळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरळ विकत घेता येत नव्हती, आणि किनारपट्टी नियमनाची 1991 ची अधिसूचना समुद्रालगतच्या बांधकामाला अडवत होती. पण वाडी सहसा विकली जात नसे याचं कारण फक्त कायदा नव्हता. लावलेली पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते आणि मग कित्येक दशकं देत राहते. उभी वाडी विकायची म्हणजे आजोबांची वर्षं विकायची, आणि त्यांचा भाव कसा सांगणार?

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 120 किलोमीटर. 2009 च्या नोव्हेंबरात फयान येऊन गेलं होतं, पण असं कुणी पाहिलेलं नव्हतं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात काही तासांत वाड्या आडव्या झाल्या. पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आले. जी झाडं उरली त्यांच्यावर पहिल्यांदाच थेट ऊन पडलं आणि सावलीत वाढलेलं जायफळ त्यानंतर करपलं. टाळेबंदी चालू होती, मजूर नव्हते, वीज कित्येक आठवडे नव्हती. काकांचा फोन लागला तो बऱ्याच दिवसांनी. ते म्हणाले, "मागच्या पडवीतून समुद्र दिसतोय." आमच्या घरातून समुद्र कधीच दिसत नसे. फक्त ऐकू येई.

सरकारने मदत जाहीर केली. फळबागांसाठी हेक्टरी 18 हजारांची मदत वाढवून 50 हजार केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. हेक्टरमध्ये साधारण 99 गुंठे, म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. ओरड झाल्यावर झाडाचा हिशेब आला, सुपारीला 50 रुपये आणि नारळाला 250. आडवं झालेलं खोड तोडून, ओढून वाडीबाहेर काढण्याची मजुरीच त्याहून जास्त होती. त्याच वर्षाच्या अखेरीस काकांच्या पडवीत पहिला एजंट येऊन बसला. तो गुंठ्याचा भाव लाखांत बोलत होता.

वादळानंतर जमिनीचे भाव पडतात असं आपण गृहीत धरतो. याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण फ्लॉरिडाचं. 1925 च्या सुमारास मायामीत न पाहिलेले प्लॉटही हातोहात फिरत होते. तेजी ओसरू लागली होती, तेवढ्यात 18 सप्टेंबर 1926 ला चक्रीवादळ आलं आणि उरलासुरला बाजार बसला. 1929 च्या मंदीवरचं गॅलब्रेथचं पुस्तकही याच फ्लॉरिडापासून सुरू होतं. पण तिथे तेजी आधी होती आणि वादळ नंतर आलं. आमच्याकडे क्रम उलटा झाला. 15 मार्च 2020 ला भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारीसकट मुंबईकर अलिबागेत उतरू लागला. दहाच दिवसांत टाळेबंदी लागली आणि शहरातल्या माणसाला अंगणाची हाव सुटली. जानेवारी 2024 मध्ये जवळपास 22 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. या सगळ्याच्या मधोमध निसर्ग आलं आणि त्याने बाजाराचं एक किचकट काम फुकटात करून टाकलं. वाडी मोकळी केली.

उभी वाडी प्लॉटवाल्याला अडचणीची असते. झाडं तोडायची म्हणजे परवानगी, गावात बोलणं, आणि विकणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी. पडलेल्या वाडीत यातलं काही उरलं नाही. वादळाने बारा पुसला आणि सातला धक्काही लावला नाही. सरकारने मदत मोजली ती बाराच्या हिशेबाने, बाजाराने भाव केला तो सातच्या. दोन हिशेबांत शेकडो पटींचा फरक होता. त्या फरकात उभा राहून सत्तरीतला माणूस काय निवडेल हे ओळखायला अर्थशास्त्र लागत नाही. शेजाऱ्यांच्या कागदावर होता तो शेरा असलेला सातबाराचा सुधारित नमुनाही 2020 सालीच मंजूर झाला. हा निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही.

माझा प्रश्न मात्र सातचाच होता. घेणाऱ्याला स्वच्छ मालकी हवी, आणि आमच्या सातवर वडिलांमागे माझं नाव लागलेलं. 11 ऑगस्ट 2020 ला, वादळानंतर दहा आठवड्यांनी, सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क जन्मानेच असतो. मी तो निकाल आनंदाने वाचला होता. चुलतभावाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला तेव्हा मला त्याचा रागही आला. कोकणातल्या किती मुलींनी भाऊबिजेच्या ओवाळणीवर असे कागद सही केले असतील!

मी काकांना फोन केला. वाटलं होतं, ते म्हणतील सही करू नकोस. ते म्हणाले, "तू हक्काचं बोलतेस ते खरं आहे. पण मला सांग, आपल्या वाडीत विहिरीकडून तिसऱ्या ओळीत काय होतं?"

मला सांगता आलं नाही. सातवर माझं नाव होतं, पण बारामध्ये माझं काहीच नव्हतं. एकही झाड मी शिपलेलं नव्हतं. वाडी वाचवा हे मी गुरुग्रामच्या अकराव्या मजल्यावरून म्हणत होते, आणि हे शहर तरी कशावर उभं आहे? हरियाणाच्या 1975 च्या कायद्यानंतर खासगी विकासकांना परवाने मिळू लागले आणि नाथूपूर, चक्करपूर, सिकंदरपूरची शेतं एकेक किल्ला करत विकली गेली. किल्ला म्हणजे इथल्या मापात एक एकर. तिथे वादळ लागलं नाही. आज सिकंदरपूर हे बहुतेकांना फक्त मेट्रो स्टेशन म्हणून माहीत आहे.

शेवटी मी हक्क सोडला, पण चुलतभावाच्या मसुद्याप्रमाणे सगळ्यांत वाटून नव्हे, एकट्या काकांच्या नावे. काय विकायचं ते त्यांनी ठरवावं. त्यांनी रस्त्यालगतचा भाग विकला, त्यातून दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि घरावर पत्रे चढले. विहिरीकडच्या भागात त्यांनी 2021 च्या पावसात पोफळीची रोपं लावली होती, ती ठेवली. ती सुपारी आपल्या हातून उतरेल की नाही यावर ते बोलत नाहीत. माझा निर्णय बरोबर होता की मी फक्त जबाबदारी काकांवर ढकलली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेजारी चार दिवसांनी कागद न्यायला आले. मी सांगितलं, मालकी स्वच्छ आहे, बोजा नाही. ते मान हलवत ऐकत होते. त्यांच्या वडिलांची जमीन वजीराबादला होती, बाजरी आणि सरसोंची, हे मला त्या दिवशी कळलं. ती गेली तेव्हा ते शाळेत होते. जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारलं, "वहाँ कुएँ का पानी मीठा है?"

इतक्या वर्षांत काकांच्या पडवीत बसलेल्या एकाही एजंटने हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, गोड आहे. मग काकांचा नंबर दिला आणि सांगितलं, घ्यायच्या आधी एकदा तिथे जाऊन या, ते तुम्हाला वाडी दाखवतील.