आज्ञापत्र आणि चाळीस पानांचं टेम्प्लेट

गेल्या महिन्यात मॅनेजरने एक काम माझ्या गळ्यात मारलं. कंपनीसाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंटची मार्गदर्शक तत्त्वं लिहायची. "टेम्प्लेट आहे, फक्त भरून टाक." टेम्प्लेट चाळीस पानांचं. पानोपानी 'हे करावे', 'ते करू नये', आणि 'का' ते कुठेच नाही. भरलं, पाठवलं. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. (लिहिल्यावर मीही परत वाचलं नाही.)

शनिवारी सहज म्हणून कपाटातून 'आज्ञापत्र' काढलं. रामचंद्रपंत अमात्यांचं, १७१५ सालचं. कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजीराजांच्या नावे निघालेलं. शाळेत त्यातला एखादा उतारा येऊन गेला होता, तेवढीच ओळख. या खेपेला वाचताना मात्र वाटलं, अरे, हेच तर मला लिहायला सांगितलं होतं!

मी मूळचा शिराळ्याचा. शिराळा म्हटलं की लोकांना नागपंचमी आठवते. पण आमच्याकडे जुनी माणसं दुसरी एक गोष्ट सांगतात. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना मोगल घेऊन चालले होते, तेव्हा शिराळ्यात काही लोकांनी त्यांना सोडवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. ही स्थानिक परंपरा. पुढचं मात्र इतिहासात पक्कं आहे. मार्चमध्ये महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराज रायगडावरून निसटून पन्हाळ्याला आणि तिथून जिंजीला गेले, आणि मागे महाराष्ट्र सांभाळायची जबाबदारी रामचंद्रपंतांवर पडली. 'हुकूमतपन्हा' हा किताब त्याच काळातला. म्हणजे मालक हजार किलोमीटरवर वेढ्यात, खजिना रिकामा, आणि समोर औरंगजेब जातीने हजर. आम्ही उगाच सर्व्हर बंद पडला की 'क्रायसिस' म्हणतो.

पंत १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानात होते. शिवाजी महाराजांपासून धरले तर पाच छत्रपतींची कारकीर्द त्यांनी पाहिली. आज्ञापत्र लिहिलं गेलं तेव्हा पंत पासष्टीच्या आसपास आणि राजा सतरा वर्षांचा. हे लक्षात ठेवून वाचलं की मजा येते. कारण म्हातारा माणूस पोराला नुसता हुकूम सोडत नाही, कारण सांगतो.

किल्ल्यांचंच प्रकरण घ्या. गडावर झरा असला तरी तेवढ्यावर भिस्त ठेवू नका, टाकी खोदून पाण्याचा वेगळा साठा करा. का? तर लढाईत तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात. बॅकअपबद्दल याहून नेमकं वाक्य मी कुठे वाचलेलं नाही. शेजारी गडावर मारा करता येईल असा डोंगर असेल तर तो सुरुंगाने फोडा, ते जमत नसेल तर बांधून गडातच घ्या. गडाला एकच दरवाजा हा दोष, कारण वेढा पडला की जायला वाट नाही. केरकचरा गडाखाली टाकू नका, जागच्या जागी जाळा आणि राख परसात टाकून भाज्या करा. दारूखाना घरांपासून लांब, आणि दारू ठराविक दिवसांनी उन्हात वाळवायची. हवालदार, सरनोबत, सबनीस यांच्या बदल्यांची मुदतसुद्धा ठरवून दिलेली, आणि ती तिघांची सारखी नाही, म्हणजे सगळा गड एकदम नव्या माणसांच्या हातात जात नाही. (ही शेवटची संगती माझी, पंतांवर लादू नका.)

मला सगळ्यात आवडलं ते आरमारातलं. जहाजांना लाकूड लागतं. सागवान सरकारी रानातून परवानगीने तोडा, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नका. ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्या. प्रोजेक्ट तातडीचा असला तरी त्याची किंमत कुणी मोजायची, हा प्रश्न इथे सरळ विचारलाय.

आता अवघड भाग. वतनदारांबद्दल पंत फार कडक लिहितात. ही माणसं म्हणजे छोटे राजेच, आहे तेवढ्यात समाधान नाही, परचक्र आलं की शत्रूशी आधी बोलणी करतात. सगळं खरं. पण जिंजीच्या काळात माणसं टिकवायला वतनं वाटली गेली, ती याच राजवटीत. त्यांच्याकडे दुसरं द्यायला होतं काय? खुद्द पंतांच्या घराण्याकडेही बावड्याची जहागीर होतीच. म्हणजे नियम लिहिणाऱ्यानेच तो मोडावा लागला ते दिवस पाहिलेले. म्हणून वतनं एका फटक्यात काढून टाका असंही ते म्हणत नाहीत. गोडीनेही घ्या आणि जरबही ठेवा, असं सांगतात. ढोंगीपणा म्हणणारे म्हणोत, मला तो अनुभव वाटतो.

आणि नुसत्या कागदाने राज्य सांभाळलं जातं असंही नाही. १७१६ मध्ये पंत वारले. १७३१ मध्ये वारणेचा तह झाला, वारणेच्या दक्षिणेला कोल्हापूर, उत्तरेला सातारा. आमच्या तालुक्याच्या कडेने वाहते तीच वारणा. शिराळा साताऱ्याकडे गेलं, आणि पलीकडे दिसणारा मुलूख दुसऱ्या छत्रपतींचा झाला. सतराव्या वर्षी आज्ञापत्र मिळालेला राजा तेव्हा तेहतिशीत होता.

असो. सोमवारी मी माझं डॉक्युमेंट परत उघडलं. 'बॅकअप रोज तपासावा' या कलमाखाली चार ओळी घातल्या. एका शुक्रवारी रात्री आमचा बॅकअप रिकामा निघाला तो कसा, आणि दोन पोरांनी शनिवार-रविवार जागून डेटा परत कसा टाइप केला, एवढंच. मॅनेजरने बघितलं. म्हणाला, "चांगलं आहे, पण हे टेम्प्लेटमध्ये बसतं कुठे?"

सध्या परिशिष्टात टाकलंय.