नक्षीच्या साबणाचे मिश्रण किती दाट असावे?
१७. मूळ मजकुरात ‘मिश्रण दाट झाले की रंग घालावा’ एवढेच म्हटले आहे. साध्या वडीला ते चालते, लाटांच्या नक्षीला नाही. तेल आणि कॉस्टिकचे पाणी एकजीव होताच, म्हणजे वरचा तेलाचा तवंग दिसेनासा झाला की, ब्लेंडर बंद करावा आणि मिश्रण वेगवेगळ्या भांड्यांत काढून रंग चमच्यानेच ढवळावेत. या वेळी ते पातळ कढीसारखे असते. चमच्यातून पडलेल्या धारेची रेघ उमटते न उमटते तोच विरते. रेघ ठळक राहू लागली, तर कितीही काडी फिरवा, रंगांचे गोळेच उरतात. एकजीव होण्याआधीच ओतले तर तेल सुटते, तेही वाईटच. ऑलिव्ह तेल जास्त असले की सवड मिळते. लवंग-दालचिनीचे तेल मात्र मिश्रण झपाट्याने आवळते, तेव्हा सुगंधाची ती हौस साध्या वडीवर भागवावी. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसखाली थिजते, त्यामुळे थंडीत येणारा दाटपणा कित्येकदा फसवा असतो. असे मिश्रण कोमट केल्यावर पुन्हा सैल होते. खरोखर साबण होत चाललेले ऊब मिळताच अधिकच घट्ट होते. (हातमोजे आणि चष्मा ओतून होईपर्यंत काढू नयेत, ताजे मिश्रणही कातडी भाजते.) — संपा.