कंट्रोल-सी दोनदा दाबले तर? जुन्या ‘सिग्नल’च्या निवृत्तीची कथा

युनिक्सवर चालू असलेला प्रोग्राम थांबवायचा, तर कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबतात. त्या दाबताच कर्नल प्रोग्रामला एक ‘सिग्नल’ धाडते. प्रोग्रामने आधी सांगून ठेवले असेल, तर तो तत्काळ मरत नाही. ‘हँडलर’ नावाचे छोटे फंक्शन चालवतो, तात्पुरत्या फाइली पुसतो आणि मगच निरोप घेतो. सोय साधी होती, पण तिच्या पोटात एक दोष दडलेला होता.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत हँडलर नेमण्याचे काम ‘सिग्नल’ याच नावाचे फंक्शन करी. ही नेमणूक मात्र एका वेळेपुरतीच. सिग्नल येताच, हँडलर सुरू होण्यापूर्वीच, कर्नल ती रद्द करी आणि मूळ वर्तन परत आणी; मूळ वर्तन म्हणजे बहुधा मृत्यूच! म्हणून हँडलरची पहिली ओळ स्वतःच्या फेरनेमणुकीची असे. ती ओळ चालण्याआधीच्या निमिषमात्र फटीत दुसरा सिग्नल आला, तर प्रोग्राम जागीच संपे आणि फाइली तशाच पडून राहत. एखाद्या अधीर माणसाने कळ दोनदा दाबणे त्यास पुरेसे होते. अशी चूक क्वचितच दिसते, म्हणूनच ती शोधणे दुष्कर.

बर्कलेच्या ४.२ बीएसडीने १९८३ मध्ये ‘सिगव्हेक’ आणले. आता नेमणूक टिकू लागली आणि हँडलर चालू असताना तोच सिग्नल दाराबाहेर थांबू लागला. बीएसडीचे ‘सिग्नल’ही याच रीतीने वागू लागले. सिस्टिम फाइव्हने मात्र ‘सिग्नल’ची जुनी चाल कायम ठेवली आणि ‘सिगसेट’चे वेगळे कुटुंब उभे केले. नाव एक, वर्तन दोन! १९८९ च्या सी भाषेच्या मानकानेही हा तंटा सोडवला नाही. निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोपवला.

तोडगा १९८८ च्या पॉझिक्स मानकात आधीच आला होता: ‘सिगॲक्शन’. हँडलर चालताना कोणते सिग्नल रोखायचे, हे तेथे स्पष्ट लिहून द्यावे लागते.

तरीही जुने फंक्शन काढणे म्हणजे त्यावर उभे असलेले प्रोग्राम मोडणे. त्यामुळे निवृत्ती फार सावकाश झाली. ‘सिगसेट’ कुटुंबाला पॉझिक्सने कालबाह्य ठरवले ते २००८ मध्ये. २०१५ च्या ग्लिबसी २.२१ ने नव्या प्रोग्रामांसाठी ‘सिगव्हेक’चे दार बंद केले, पूर्वी बांधलेल्या प्रोग्रामांना ते आजही मिळते. आणि ‘सिग्नल’? ते अजून नांदते आहे. लिनक्स कर्नलमधील त्याची चाल सिस्टिम फाइव्हची, तर ग्लिबसीमधील बीएसडीची, कारण ग्लिबसी आतून ‘सिगॲक्शन’लाच हाक मारते.