यीस्ट पिळून काढलेला रस

विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, माग पहिल्यांदा लागला तो एका घारीच्या पोटात. १७५२ साली फ्रान्समध्ये रेओम्यूर याने पाळलेल्या घारीला मांस भरलेली धातूची नळी गिळायला लावली. नळीच्या तोंडांना जाळी होती. घार न पचणारी वस्तू ओकून टाकते. नळी परत आली तेव्हा ती जशीच्या तशी होती, आतले मांस मात्र विरघळत आले होते. जठर अन्न दळत नाही, त्यातला रस ते विरघळवतो, हे यातून उघड झाले. पुढे इटलीत स्पालान्झानी याने अन्नाच्या कापडी पिशव्या स्वतःच गिळून पाहिल्या आणि जठररसात मांस घातलेल्या नळ्या काखेत धरून उबवल्या.

दुसरा धागा कारखान्यातला. १८३३ मध्ये पेयाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूच्या अर्कात अल्कोहोल ओतले. तळाशी बसलेला पांढरा साका पिष्टमय पदार्थाची साखर करत होता. त्याला त्यांनी ‘डायस्टेज’ नाव दिले. विकरांच्या नावांमागे आजही लागणारा ‘एज’ तिथूनच आला. (नाचणीला मोड आणून सत्त्व काढणाऱ्या घरांत हेच काम नाव न घेता होत आले आहे.) तीन वर्षांनी श्वान याने जठररसातले पेप्सिन दाखवले.

मग वाद पेटला तो दारूवरून. साखरेचे अल्कोहोल होण्यासाठी जिवंत यीस्ट लागतेच, असे पाश्चरचे म्हणणे. ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे, असे लीबिग या रसायनशास्त्रज्ञाचे. पाश्चरचे प्रयोग भक्कम होते, त्यामुळे त्याची बाजू वरचढ ठरली. १८७७ मध्ये क्यूने याने ‘एन्झाइम’ हा शब्द काढला. त्याचा अर्थ ‘यीस्टमधील’. पण तो त्याने पेप्सिनसारख्या, पेशीबाहेरही चालणाऱ्या द्रव्यांसाठी योजला.

निकाल लागला तो जवळजवळ अपघाताने. एडुआर्ड बुखनर आणि त्याचा जीवाणुशास्त्रज्ञ भाऊ हान्स यांना यीस्टमधला रस औषधी अभ्यासासाठी हवा होता. यीस्टची पेशी सहजी फुटत नाही. म्हणून किलोभर यीस्ट, तितकीच वाळू आणि पाव किलो डायटममाती एकत्र खलून तो लगदा फडक्यात बांधून दाबयंत्राखाली पिळला. सुमारे अर्धा लिटर रस निघाला. तो नासू नये म्हणून, मुरंब्याच्या हिशेबाने, त्यात भरपूर साखर घातली. काही वेळाने रसातून बुडबुडे येऊ लागले. रसात एकही अखंड पेशी नसताना साखर आंबत होती. दुसऱ्या कुणी तो रस बिघडला म्हणून ओतून दिला असता. बुखनरने १८९७ मध्ये निबंध लिहिला. १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला मिळाले. रसातल्या द्रव्याला त्याने ‘झायमेज’ म्हटले. ते एक द्रव्य नसून अनेक विकरांची साखळी आहे, हे नंतर कळले. म्हणजे लीबिग अगदीच चुकला नव्हता, आणि यीस्टशिवाय तो रस मिळाला नसता, म्हणून पाश्चरही नाही.

विकर हे द्रव्य कोणते, हा प्रश्न उरलाच. ते प्रथिन नव्हे, असे जर्मनीतल्या विल्श्टेटर या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाचे मत होते. अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात, तरुणपणी शिकारीत एक हात गमावलेला जेम्स समनर अबईच्या जातीच्या शेंगेतील बियांवर नऊ वर्षे खपला. १९२६ मध्ये त्याने अॅसिटोनमिश्रित अर्क रात्रभर थंडीत ठेवला. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक स्फटिक दिसले. ते युरिएज या विकराचे होते, आणि प्रथिनाचे. फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. १९३० मध्ये नॉर्थ्रॉप या शास्त्रज्ञाने पेप्सिनचे स्फटिक मिळवल्यावर मत पालटले; १९४६ मध्ये दोघांनाही नोबेल मिळाले.

‘सर्व विकरे प्रथिने असतात’ हे वाक्य त्यानंतर काही दशके टिकले. १९८२ मध्ये टॉमस चेक याच्या प्रयोगशाळेत प्रथिन नसलेल्या एका आरएनए रेणूने स्वतःलाच कापून जोडल्याचे जाहीर झाले, आणि त्या वाक्यातल्या ‘सर्व’च्या जागी ‘बहुतेक’ आले.