वाटीतली गोळी

मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत असा भगिनींचा आग्रह झाला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एक वाटी आली. माझ्या सासूबाई अखेरची दोन वर्षे मुर्रीपासून दूर एका वृद्धाश्रमात होत्या. तेथे सोयीसाठी सर्वांच्या गोळ्या पाकिटांतून काढून वाट्यांत ठेवीत. एका रात्री वाट्यांची अदलाबदल झाली आणि शेजारणीची मधुमेहाची गोळी सासूबाईंच्या पोटात गेली. पहाटे त्या घामाने चिंब, बोलणे असंबद्ध. साखरपाणी वेळेवर मिळाले म्हणून निभावले. दोष एकट्या सेविकेचा, असे मला आजही वाटत नाही. बारीक पांढऱ्या गोळ्या सगळ्या सारख्याच दिसतात.

एका हाताने अनेकांना औषध द्यावयाचे, हा प्रश्न आपल्या विदर्भाला जुनाच. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांसाठी सेवाधाम उघडले. त्या काळी या रोगावर उपचार म्हणजे कडू कवठाच्या तेलाची सुई. पुढे डॅप्सोनची गोळी आली. स्वस्त, गुणकारी, पण वर्षानुवर्षे घ्यावयाची. कोणी मध्येच सोडी, कोणी आठवेल तेव्हा घेई. रोगाचे जंतू या गोळीला दाद देईनासे होतात, हे १९६४ साली सिद्ध झाले. मग १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. भारतात ती आरंभी ज्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत वर्धा होता.

मला मात्र खरे कौतुक वाटते ते तिच्या पाकिटाचे. २८ दिवसांच्या गोळ्या, प्रत्येक दिवसाचे घर निराळे. पहिल्या दिवसाची रिफाम्पिसिनची मात्रा आरोग्यसेवकाच्या देखत गिळावयाची. मोठ्यांच्या पाकिटाचा रंग वेगळा, मुलांच्या वेगळा. गोळी राहिली की भरलेले घर दिसते. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हिशेब कळतो. शिवाय आपल्या पावसाळ्यात उघडी गोळी दमट होते, ती पाकिटात टिकते.

हेच मी त्या आश्रमाच्या व्यवस्थापकांना सांगितले. वाट्या बंद झाल्या. गोळी ज्याची त्याच्यासमोरच पाकिटातून काढावी, कपाटाची किल्ली पाळीवरच्या एकाच बाईजवळ असावी, दिलेले औषध लगेच वहीत लिहावे असे ठरले. सह्यांना वेळ कोठला, अशी थोडी कुरकूर झालीच!

सासूबाई त्यानंतर आठ महिने तेथे होत्या. त्यांच्या पानावर रोजच्या तीन सह्या आहेत. ते पान मी मागून आणले आहे.