तंजावरचे नेत्ररोगाचे कागद व मोतीबिंदूची शस्त्रक्रिया

तंजावर येथील सरस्वती महाल ग्रंथसंग्रहांत दुसरे सरफोजी राजे यांच्या कारकीर्दींतील नेत्ररोग्यांच्या नोंदी जतन झालेल्या आहेत. रोग्याचा डोळा कसा दिसत होता त्याचें चित्र, विकार कोणता याचें टिपण व त्यावर झालेला उपचार, असें या कागदांचें स्वरूप आहे. सरफोजी राजे १७९८ मध्ये गादीवर आले व १८३२ मध्ये निवर्तले. १७९९ च्या तहानें मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला, आणि राजांच्या हातीं तंजावरचा किल्ला व मोकळा वेळ एवढेंच उरलें. त्या वेळाचें त्यांनीं काय केलें हें महाराष्ट्रांतील संशोधकांस अगदींच अपरिचित नाहीं. बृहदीश्वराच्या देवळांत भोसलेवंशाचें चरित्र १८०३ मध्ये शिळेवर कोरविणारे व १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ छापविणारे ते हेच. परंतु वंशावळीच्या व छापखान्याच्या कौतुकांत नेत्ररोगाचे कागद मागें पडले, आणि अलीकडे पुढें आले ते एका निराळ्याच कौतुकानें. राजेसाहेब स्वहस्तें मोतीबिंदु काढीत, असें आतां सर्रास लिहिलें जातें. आमच्या मतें सुई कोणाच्या हातीं होती व नोंद कोणाच्या इच्छेनें ठेवली गेली, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. आणि इतिहासाच्या दृष्टीनें दुसरा अधिक मोलाचा आहे. तो कां, हें सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

बुबुळाच्या मागें असलेलें स्वच्छ नैसर्गिक भिंग गढूळ होणें, हाच मोतीबिंदु. ही गोष्ट आज शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असली तरी ती निश्चित झाली अठराव्या शतकाच्या आरंभीं. १७०५ मध्ये ब्रिसो या फ्रेंच वैद्यानें मृताच्या डोळ्याची चीर करून ती दाखविली. तोंपर्यंत युरोपांत, तसेंच युनानी वैद्यकांत, डोळ्यांत वरून पाणी उतरून पडदा धरतो अशीच समजूत होती. ‘नुझूल-उल-मा’ या नांवाचा अर्थच तो आहे. आपल्याकडे सुश्रुतानें या विकारास लिंगनाश म्हटलें व कफज लिंगनाश तेवढा शस्त्रसाध्य मानला. येथें एक मौज नमूद करण्याजोगी आहे. ज्या लिंगनाशाचा आकार मोत्यासारखा, घर्मबिंदूसारखा किंवा अर्धचंद्रासारखा असेल तो वेधूं नये, असें सुश्रुत सांगतो. आणि लोकभाषेनें मात्र सगळ्याच विकाराला मोत्याचें नांव देऊन टाकलें! वाग्भटानें पुढें हाच विषय विस्तारून आवर्तकी, शर्करा, राजीमती, छिन्नांशुका, चंद्रकी व छत्रकी असे सहा उपद्रव सांगितले व त्यांपासून मुक्त असलेलाच लिंगनाश वेधावा असें बजाविलें. कोठें शस्त्र लावूं नये याचा एवढा सूक्ष्म विचार अनुभवावांचून होत नाहीं.

सुश्रुताचा विधि उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायांत आहे. ऋतु फार उष्ण नाहीं, फार शीत नाहीं असा पाहावा. रोग्यास स्नेहन-स्वेदन करून बसवावें, हलूं न देतां धरावें, व त्यानें आपल्या नाकाकडे दृष्टि लावावी. काळ्या भागापासून पांढऱ्याचे दोन भाग सोडून, अपांगाच्या बाजूस, शिरांचें जाळें टाळून वेध करावा. डावा डोळा उजव्या हातानें, उजवा डाव्या हातानें. शलाका आठ अंगुळें लांब, मध्यें सूत गुंडाळलेली, दोन्ही टोंकांस कळीसारखी, तांब्याची, लोखंडाची किंवा सोन्याची. वेध नीट झाला म्हणजे शब्द होतो व पाण्याचा थेंब येतो. मग स्त्रीच्या दुधानें डोळा शिंपावा, शलाकेच्या अग्रानें दृष्टिमंडल खरडावें, आणि दुसरी नाकपुडी दाबून रोग्याकडून जोरानें शिंकरवून आंतील कफ काढावा. रोग्यास पदार्थ दिसूं लागले कीं शलाका हळू काढून तुपाचा पिचू बांधावा, व धूर-धूळ नसलेल्या घरांत त्यास उताणें निजवावें. ढेंकर, खोकला, शिंक, थुंकणें, सर्व वर्ज्य.

या शिंकरण्याच्या उल्लेखावरून सुश्रुत मोतीबिंदु डोळ्याबाहेर काढीत असे, असें प्रतिपादन कांहीं अभिमानी लेखकांनीं केलें आहे. तें आम्हांस पटत नाहीं. प्रौढ माणसाच्या डोळ्यांतील भिंग सुमारें ९ मिलिमीटर रुंद असतें. पिकलेलें, घट्ट झालेलें भिंग शलाकेच्या छिद्रांतून कसें निघावें? फारतर मऊ, दुधाळ मोतीबिंदूंतील द्रव वाहून गेला असेल. बुबुळावरील पारदर्शक पडदा कापण्याचा शब्दहि त्या वर्णनांत नाहीं. भिंग जागेवरून ढकलून खालीं लोटणें, हाच त्या विधीचा सरळ अर्थ. एवढ्यानें सुश्रुताची योग्यता कमी होत नाहीं, कारण युरोपहि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेंच करीत होता.

१७४७ मध्ये झाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें भिंग बाहेर काढण्याची रीत योजिली व पुढें १७५३ मध्ये तिची हकीकत प्रसिद्ध झाली. जुनी रीत मात्र लगेच मेली नाहीं. सरफोजींच्या काळांत दोन्ही रीती युरोपीय वैद्यांच्या हातीं होत्या, आणि म्हणून त्या काळच्या कोणत्याहि टिपणांत ‘मोतीबिंदु काढला’ एवढे शब्द आढळले तर ते पुरेसे नव्हेत. वेध पांढऱ्या भागांत, अपांगाकडे झाला असेल तर ती लोटण्याची क्रिया. पारदर्शक पडद्याचा अर्धा घेर कापला असेल तर ती काढण्याची. लोटलेलें भिंग आंतच राहतें व कधीं पुन्हा वर येऊन दृष्टि झांकतें. तशी नोंद सांपडल्यास शंकाच उरत नाहीं. काढण्याच्या क्रियेंत डोळ्यांतील द्रव सांडणें, तारकापटल जखमेंत येणें व पू होणें या आपत्ति येत. दोहोंतहि भिंग दृष्टीच्या मार्गांतून गेल्यामुळें जाड कांचेचा चष्मा लागे. ती गरज संपण्याचा मार्ग खुला झाला तो १९४९ मध्ये हॅरोल्ड रिडले यांनीं लंडनमध्ये प्रथम कृत्रिम भिंग डोळ्यांत बसविलें तेव्हां. १९६७ मध्ये केलमन यांनीं ध्वनिलहरींनीं भिंग फोडून शोषून घेण्याची रीत काढली. आजची शस्त्रक्रिया या दोन वाटांनीं आलेली आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे. सुश्रुतांत विधि आहे, रोगी नाहीं. गांवोगांव हिंडून डोळे वेधणाऱ्या वैद्यांपाशीं रोगी पुष्कळ, पण नोंद नाहीं. पैसे घेऊन हा वैद्य दुसरें गांव धरी, आणि पट्टी सुटल्यावर काय झालें तें त्याला कधींच कळत नसे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री इलियट यांनीं या प्रकारावर १९१७ मध्ये इंग्रजींत ग्रंथच लिहिला. असे बिघडलेले डोळे त्यांनीं चिरून तपासले होते. त्यांचा निष्कर्ष या रीतीस अत्यंत प्रतिकूल आहे. तो बहुतांशीं खरा असावा. पण रुग्णालयांत बिघडलेलाच डोळा येतो, दिसूं लागलेला माणूस घरीं बसतो, हेंहि विसरतां येत नाहीं. वैद्याची बढाई एका बाजूस कलती, रुग्णालयाची मोजणी दुसऱ्या बाजूस. खरें कळावयाचें तर रोगी, तारीख, क्रियेपूर्वींचा डोळा आणि नंतरचा डोळा, हें सर्व एकत्र पाहिजे. तंजावरच्या नोंदींचें मोल या दिशेनें आहे, आणि राजांनीं स्वतः सुई धरली नसली तरी तें तिळमात्र उणें होत नाहीं.

असे कागद इतरत्र नसतील असें आम्ही धरून चालत नाहीं. दप्तराचे रुमाल सोडतांना सनदा, महजर व करीने वेगळे निघतात. औषधांचीं बाडें, पथ्याच्या चिठ्या, डोळ्याचीं वा व्रणाचीं वेडीवांकडीं चित्रें ‘किरकोळ’ म्हणून एका पुडक्यांत जातात, व पुढें वाळवीच्या वाट्यास येतात. संग्राहकांनीं तें पुडकें एकवार उलगडावें. चित्र आढळल्यास त्याच्या पाठीवरचा मोडी मजकूर आधीं वाचावा, चित्र वेगळें काढून चौकटींत घालूं नये. तारीख व रोग्याचें नांव बहुधा त्या पाठीवरच असावयाचें.

तंजावरास हें घडलें तें एकाकी घडलें नाहीं. कंपनीनें मद्रास येथें १८१९ मध्ये नेत्रचिकित्सालय काढलें, म्हणजे सरफोजींच्याच हयातींत. १८२६ मध्ये बिशप हीबर तंजावरास आले तेव्हां युरोपीय शास्त्रज्ञांच्या ग्रंथांशीं राजांचा असलेला परिचय पाहून ते चकित झाले. दुसरीकडे राजांच्या धन्वंतरी महालांत देशी औषधींचे प्रयोग चालत, व अनुभवास आलेलीं औषधें तामिळ पद्यांत गुंफून ठेवलीं जात. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नांवाच्या त्या संग्रहांत नेत्ररोगचिकित्सेचा भाग स्वतंत्र आहे. मराठी राजाच्या आश्रयानें झालेली ही पद्यें तामिळांत असल्यामुळें आमच्याकडे कोणी वाचलीं नाहींत. नेत्ररोग्यांचे कागद व हीं पद्यें शेजारीं ठेवून, कोणतें औषध कोणत्या रोग्यास दिलें गेलें हें जुळवून पाहण्याचें काम मोडी व तामिळ दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकाचें आहे.